पाइकचं तिसरं पिस्तूल

१. मखमलीतला खळगा

बुधवारी सकाळी अरुण देवस्थळींनी तळघरातली शिसवी पेटी उघडली, तर आत हिरव्या मखमलीत पिस्तुलाच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता. पेटीचं कुलूप धड होतं. किल्ली नेहमीच्या जागी, वॉशरच्या डब्यात होती. खिडक्यांच्या कड्या आतून लावलेल्या होत्या.

त्यांनी पोलिसांना फोन केला नाही. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहणाऱ्या शैलजा गजभियेला केला.

वीस वर्षांपूर्वी शैलजा नागपूरहून मेटलर्जीची पदवी घेऊन डेट्रॉइटला आली, तेव्हा देवस्थळी तिचे पहिले साहेब होते. आता ती एका कंपनीच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. मोडलेले ॲक्सल आणि तुटलेले बोल्ट तिच्या टेबलावर यायचे, आणि ते का मोडले हे शोधून काढणं हे तिचं काम. तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि तासाभरात ट्रॉयला त्यांच्या घरी पोचली. ऑक्टोबर २००६ चा तिसरा आठवडा होता. देवस्थळींच्या अंगणात मेपलची पानं घोट्यापर्यंत साचली होती, आणि दरवर्षी ती रोज झाडणारे सर दारात नुसते उभे होते.

"पोलिसांना कळवलंत, सर?"

"पाच दिवसांत कळवायचा कायदा आहे. म्हणजे सोमवारपर्यंत मुदत आहे. त्याआधी तू शोध."

"मी काय पोलीस आहे?"

"तुटलेला बोल्ट बघून तो कुठल्या भट्टीतून आला ते सांगतेस. इथे तर आख्खी पेटी आहे." ते हसले नाहीत. "शनिवारी क्लीव्हलंडहून हॅल्व्हर्सन येतोय. जुन्या पिस्तुलांचा तज्ज्ञ. तो बघून प्रमाणपत्र देणार. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मला ते हातात हवंय."

पिस्तुलाची गोष्ट शैलजाला पाठ होती. पुण्यात शाळकरी वयात अरुण देवस्थळींना रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी हेरकथा मिळाली. हार्लन पाइक नावाचा हेर, आणि त्याच्या कोटात मावेल असं कापून लहान केलेलं पिस्तूल. पुढे अमेरिकेत त्या कथांवर टीव्ही मालिका निघाली आणि न्यूयॉर्कच्या एका कारागिराने तिच्यासाठी तीन पिस्तुलं घडवली. दोन कुठे आहेत ते सगळ्या संग्राहकांना ठाऊक होतं. तिसरं दोन वर्षांपूर्वी देवस्थळींना टोलिडोत, एका मेलेल्या माणसाच्या सामानाच्या विक्रीत, पुराचं पाणी लागलेल्या खोक्यात मिळालं. गंजाचा गोळाच होता तो. मुठीची लाकडी पट्टी काढल्यावर आत कारागिराची खूण आणि तीनचा आकडा दिसला, त्या दिवशी त्यांनी सगळ्या मराठी मंडळींना घरी जेवायला बोलावलं होतं.

गंज उतरवायला वर्ष गेलं. मग हळूहळू निळसर काळा रंग चढवला, पुन्हा पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवून आणि पुसून. फर्नडेलचा लेरॉय नावाचा परवानाधारक बंदूक-कारागीर त्यांना सल्ला द्यायचा. फक्त एक गोष्ट त्यांनी मुद्दाम केली नव्हती. सेटवर अपघात नको म्हणून मूळ कारागिरानेच त्यातली फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर ठोका देणारी सुई, काढून टाकली होती. ती जागा रिकामीच ठेवायची, शोभेची वस्तू शोभेचीच राहील, असं शुभाताईंना दिलेलं वचन होतं. शुभाताई त्यांच्या पत्नी. मुलगी इशिता बाळंत झाली म्हणून तीन आठवडे न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला होत्या, रविवारी परतणार होत्या.

"किल्लीची जागा कोणाकोणाला माहिती आहे?"

"शुभा. प्रफुल्ल. संग्राम. बस्."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"रविवारी. सोमवारी, मंगळवारी संग्राम येऊन गेला, वरच्या वर. पण तो पिस्तुलाकडे बघतानासुद्धा हात मागे बांधतो. त्याचा व्हिसाच तसा आहे."

तळघर नेहमीपेक्षा नीटनेटकं होतं. हत्यारांच्या प्रत्येक खणावर चिठ्ठी होती. जुन्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर ठसठशीत होतं, नव्या चिठ्ठ्यांवर मुंग्या चालल्यासारखं. 'हे प्रफुल्लला.' 'हे लेरॉयला.' पेटीत मखमलीखाली न्यूयॉर्कच्या कारागिराचं पत्र आणि सेटवरचे फोटो तसेच होते. खळग्याशेजारी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, रिकामं पडलेलं होतं.

चोराने पिस्तूल नेलं आणि मॅगझिन ठेवलं. शैलजाला ते खटकलं. धातू कातायच्या छोट्या लेथच्या खाली तिला चकचकीत पोलादाचे दोन-तीन कुरळे कीस आणि बारीक सळीचा बोटभर तुकडाही दिसला. पिस्तुलाचं काम तर ऑगस्टमध्येच संपलं होतं. तिने मॅगझिन आणि तुकडा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले.

"चहा करू का सर?"

"तू कर," ते म्हणाले आणि दोन्ही हात खिशात घातले.

२. ज्याला ते हवं होतं

प्रफुल्ल कारखानीस दाताचे डॉक्टर, आणि जुन्या पिस्तुलांचं वेड देवस्थळींइतकंच. पाइकचं पिस्तूल मला द्या म्हणून त्यांनी दोन वेळा विचारलं होतं, आणि दुसऱ्या वेळी दोघांत चांगलीच जुंपली होती. शैलजा दुपारी त्यांच्या दवाखान्यात गेली, तेव्हा ते मास्क हनुवटीवर ओढून बाहेर आले.

"माझ्यावर संशय आहे?"

"सगळ्यांवर आहे."

"बरोबर आहे. मला ते हवंच होतं." ते खुर्चीत बसले. "कागद गेलेत का? ते पत्र, फोटो?"

"नाही. पेटीतच आहेत."

"मग चोर अडाणी आहे. अगं, त्या पत्राशिवाय ते तिसरं पिस्तूल आहे हे सिद्ध कसं करणार? कोणीही जुनं पिस्तूल कापून म्हणेल, हे पाइकचं. मी चोरलं असतं तर पत्र आधी उचललं असतं."

हे खरं होतं. पिस्तूल विकायचं किंवा मिरवायचं असतं, तर कागद सोडून कोणी गेलं नसतं. शैलजाने प्रफुल्लचं नाव मनातल्या मनात खोडलं.

ती उठताना डॉक्टर म्हणाले, "अरुणशी माझं भांडण झालं होतं ना, सहा महिने बोलणं नव्हतं. गेल्या महिन्यात स्वतः आला. पॉलिशचे दगड, जर्मन कानसांचा सेट, सगळं देऊन गेला. म्हणाला, माझं काम झालं. मला वाटलं, चला, म्हातारपणी शहाणपण आलं."

"काही बोलले?"

"भांडणाची माफी मागितली. अरुणने. तीस वर्षांत पहिल्यांदा."

३. हातमोजे

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती संग्राम घोरपडेला त्याच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये भेटली. संग्राम सांगलीचा, पस्तिशीचा, वर्क व्हिसावरचा इंजिनिअर. ग्रीन कार्डचा अर्ज पाच वर्षं रांगेत. देवस्थळींनीच त्याला पहिली नोकरी लावून दिली होती, आणि पिस्तुलाच्या प्रत्येक भागाची ड्रॉइंग्ज त्याने कॉम्प्युटरवर काढून दिली होती. मात्र पिस्तुलाला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. त्याच्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगली तर तुरुंग, आणि मग घरी परत.

तो गाडीतच बसून होता. हातात नेहमीचे पांढरे सुती मोजे. पूर्वी तो शैलजाच्या प्रयोगशाळेत सहा महिने होता. त्याच्या हाताचा घाम इतका खारा, की पॉलिश केलेला भाग त्याने उघड्या हाताने धरला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांच्या आकाराचा गंज उठायचा. अशी माणसं प्रत्येक कारखान्यात एखाद-दुसरी असतात. सगळे त्याला हसायचे, मग त्याने मोजे घालायची सवयच लावून घेतली.

"शैलजाताई, मला काही माहिती नाही," ती विचारण्याआधीच तो म्हणाला.

"सोमवारी तू गेला होतास."

"हो. जाता जाता."

"ट्रॉय तुझ्या वाटेवर कुठे येतं रे?"

त्याने गाडीची काच पूर्ण खाली केली. मग म्हणाला, "काका आत्ता एकटेच आहेत का?"

"घरी आहेत. का?"

"नाही, सहजच. काकू रविवारीच येणार ना? लवकर नाही येऊ शकत?"

"संग्राम, सोमवारी पोलिसांत तक्रार जाणार आहे. त्यानंतर मी काहीच करू शकणार नाही."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "सोमवारी जाऊ दे," तो म्हणाला. "तोपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल."

हे कसलं उत्तर? ती प्रयोगशाळेत परतली, मॅगझिन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आणि तिला फार वेळ बघावं लागलं नाही. काळ्या पोलादावर नारिंगी गंजाचा ताजा ठसा होता. अंगठा आणि दोन बोटं, रेषान् रेषा स्पष्ट.

संग्रामने पिस्तूल उघड्या हाताने उचललं होतं. एवढा कायद्याला भिणारा माणूस, आणि तेही घाईत, मोजे घालण्याइतकाही न थांबता.

चोर सापडला होता. पण त्याचं काय करायचं, हे तिला कळेना. तिचा एक फोन, की त्याची पाच वर्षं पाण्यात. निदान शनिवारचा तज्ज्ञ तरी पुढे ढकलावा म्हणून तिने क्लीव्हलंडला फोन लावला.

हॅल्व्हर्सन पलीकडून गोंधळलेल्या आवाजात म्हणाला, या शनिवारी त्याला ट्रॉयला यायचंच नव्हतं. मिस्टर देवस्थळींनी स्वतः दोन आठवड्यांपूर्वी भेट कॅन्सल केली होती. आता गरज नाही, असं म्हणाले होते.

४. पाणी

शैलजाने फोन ठेवला. मग तिने दुसरी पिशवी उघडली.

लेथखालचा तो बोटभर तुकडा. एक टोक साधं होतं. दुसऱ्या टोकावर फिकट पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचे पट्टे होते. तिला असे पट्टे हजारदा दिसले होते. पोलाद लाल करून तेलात बुडवलं, मग बेताने पुन्हा तापवलं, की हे रंग येतात. म्हणजे त्याला पाणी दिलेलं होतं. तिने कठीणपणाच्या यंत्रावर तुकडा तपासला आणि आकडा इतका वरचा आला की तिने पुन्हा एकदा तपासला.

नुसतं दाखवायला घडवलेल्या भागाला कोणी पाणी देत नाही. ज्याला ठोका सोसायचाय, ठोका मारायचाय, त्यालाच देतात. आणि त्या पिस्तुलात त्या जाडीचा, ठोका मारणारा एकच भाग कमी होता. पिन.

मग बाकीचं एकामागून एक समोर आलं. खणांवर कोणाला काय द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या. तीस वर्षांत पहिल्यांदा मागितलेली माफी. न झाडलेली पानं, खिशात गेलेले हात, मुंगीएवढं झालेलं अक्षर. तिच्या मामांची पत्रं अशीच बारीक होत गेली होती, वर्षभरात, कंपवाताने. दर पंधरा दिवसांनी ती सरांकडे जायची. मोडलेला भाग मोडण्याआधी सूचना देतोच, फक्त बघणारा पाहिजे, असं ती नव्या लोकांना शिकवायची. आणि तिने काहीच बघितलं नव्हतं.

तिने गाडी काढली.

देवस्थळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. समोर न उघडलेलं वर्तमानपत्र. ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली, कोटही न काढता.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"चोर सापडला. संग्राम."

"शक्य नाही."

"मॅगझिनवर त्याचा ठसा आहे, गंजाचा. पण सर, तो पिस्तूल कशाला नेईल? विकायचं असतं तर पत्र नेलं असतं. हौस म्हणावी तर त्याच्यासारख्या भित्र्या माणसाने त्यापायी तुरुंगाचा धोका पत्करला नसता. त्याला ते हवंच नव्हतं. ते या घरात नको होतं, रविवारपर्यंत. काकू येईपर्यंत."

देवस्थळींनी वर्तमानपत्राची घडी सरळ केली.

"हॅल्व्हर्सन येणार नाहीये," ती म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात त्याला. आणि लेथखाली पाणी दिलेल्या पोलादाचा तुकडा मिळालाय. तुम्ही पिन बसवलीत."

"बसवली. काम पूर्ण असावं म्हणून."

"काकूंना दिलेलं वचन मोडून?" तिने खुर्ची पुढे ओढली.  "सर, मी सरळ विचारते. तुम्ही जीव द्यायचं ठरवलं होतं का?"

 बाहेर कोणाच्या तरी अंगणात पानं उडवायचं यंत्र चालू होतं.

"शुक्रवारी," देवस्थळी म्हणाले. जणू मीटिंगची वेळ सांगत होते. "ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन्स. शुभाला सांगितलं नाही. इशिताचे दिवस भरत आले होते. वसंतात कंपनीने घरी बसवलं, तेव्हा म्हटलं, हात आहेत अजून, पिस्तूल पुरं करू. ते झालं. आता हातही चालले. मी उद्या कपडे घालायलासुद्धा तिला हाक मारणार, ते बघायचं नव्हतं मला. तिला आल्यावर काही निस्तरायला लागू नये म्हणून सगळं लावून ठेवलं होतं."

"रविवारी दार कोणी उघडलं असतं, सर?"

त्यांनी मान वर केली.

"विमानतळावर तुम्ही घ्यायला आला नाहीत म्हणून टॅक्सी करून कोण आलं असतं? निस्तरायला लागू नये म्हणता. तळघराचा जिना कोण उतरलं असतं?"

देवस्थळींच्या डाव्या हाताची बोटं टेबलावर थरथरायला लागली. त्यांनी ती झाकली नाहीत. म्हणाले, "हा विचार मी केला नव्हता. बाकी सगळा केला होता."

"मग मला का बोलावलंत? मी शोधून काढते हे माहिती असताना?"

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि तोंडावर हात घेऊन रडले. आवाज न करता, खांदे हलवत. शैलजाने त्यांना तीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा दिवस संपवून बाहेर येताना पाहिलं होतं. तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

तिने त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका, लगेच घेऊन या. निघण्याआधी तिने फोन देवस्थळींच्या हातात दिला. "काकूंना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

नंबर दाबायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. शैलजा खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठीमागे तिने एवढंच ऐकलं, "शुभा, बाळ झोपलंय का? मग दुसऱ्या खोलीत जा. मला बरं नाहीये."

५. गाडीच्या डिकीतलं ओझं

संग्रामने फोनवर सगळं सांगितलं. सोमवारी तो पानं झाडून द्यायला गेला होता. काका अंघोळीला होते. तळघरात झाडू आणायला उतरला तर पेटी उघडी, आणि मॅगझिन भरलेलं. ड्रॉइंग्ज त्यानेच काढलेली, त्यामुळे पिनची जागा त्याला डोळे मिटूनही सापडली असती. ती भरलेली होती. आणि एका खणावर चिठ्ठी होती, 'माझी घड्याळं संग्रामला.'

"मी विचारच नाही केला, ताई. मॅगझिन काढून गोळ्या खिशात घातल्या, रिकामं मॅगझिन परत ठेवून पेटीला कुलूप लावलं, किल्ली डब्यात टाकली, पिस्तूल जॅकेटमध्ये गुंडाळलं. तेव्हापासून डिकीत आहे. चार दिवस ताशी चाळीस मैलांच्या वर गाडी चालवली नाही मी. पोलिसाची गाडी मागे दिसली की पुढच्या गल्लीत वळायचो."

"मला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? काका असं करणार आहेत? आणि नसते करणार तर? त्यांचं नाव गावभर झालं असतं. काकूंना दोनदा फोन लावला. त्या म्हणाल्या, बाळ हसतंय बघ, आवाज ऐक. मी फोन ठेवून दिला. मग रोज जाऊन बघून यायचो, आहेत ना म्हणून."

"आणि मी तुला पोलिसांची भीती घातली."

"तुमची चूक नाही त्यात," तो म्हणाला. पण ती चूक कोणाची होती, हे शैलजाला ठाऊक होतं.

लेरॉय त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी, आपला जुना ट्रक घेऊन संग्रामच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आला. देवस्थळींनी त्याला फोनवर सांगितलं होतं, पिस्तूल दुरुस्तीला तुझ्या ताब्यात घे. लेरॉयने डिकी स्वतः उघडली, पिस्तूल स्वतः उचललं, पिन काढून गोळ्यांसकट रुमालात बांधली आणि सगळं कुलपाच्या पेटीत टाकलं. संग्रामला त्याने एकही प्रश्न विचारला नाही. फक्त निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

शुभाताई शुक्रवारी पहाटेच्या विमानाने आल्या. हॉस्पिटलच्या खोलीत त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाही. खुर्ची पलंगाशी ओढली आणि त्यांचा थरथरणारा हात मांडीवर घेऊन बसल्या. शैलजा बाहेर पडत होती, तेव्हा त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं संसार केला. ह्यांना वाटलं, मला शर्टाची बटणं लावायचा कंटाळा येईल."

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. औषधं लागू पडायला हिवाळा गेला, त्यातही बरे दिवस थोडे आणि वाईट जास्त. पिस्तूल कागदांसकट क्लीव्हलंडच्या एका संग्रहात गेलं. देवस्थळी ते बघायला गेले नाहीत. आणि संग्रामचं नाव त्यांनी घरात काढू दिलं नाही. शैलजाने एकदा विषय काढला, तर म्हणाले, "त्याने माझ्या घरात चोरी केली. ती बरोबर होती हे कळतं मला. पण त्याच्यासमोर उभं राहायचं तर आधी मला मान वर करता आली पाहिजे."

संग्राम दर शनिवारी शुभाताईंना फोन करून विचारपूस करायचा. घरी कधी गेला नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी शैलजाचा फोन वाजला. संग्राम होता, आवाज दबका.

"ताई, काका आलेत. माझ्याकडे. काकूंनी खाली सोडलं, दोन जिने चढून एकटे वर आले. स्वयंपाकघरात बसलेत."

"काय म्हणाले?"

"काही नाही. कोट काढला. बटणं काढायला पाच मिनिटं लागली, मी मदत केली नाही, ते नको म्हणाले असते. मग म्हणाले, भूक लागलीये, काय केलंयस?"

"मग?"

"पिठलं-भात होता. वाढला. चमचा दिला तर बाजूला सारला, हातानेच जेवताहेत. बरंच सांडतंय."  पलीकडून ताटाचा आवाज आला, मग देवस्थळींचा, नेहमीसारखा हुकमी: "संग्राम, फोन नंतर कर. भात आण अजून."